क्लबचा कोट कुणाच्या मापाचा

मॅनेजरला हाकललं की दुसऱ्या दिवशी त्याचा कोट मास्तरांच्या दुकानात येतो. हाकललेला माणूस काही तो स्वतः आणून देत नाही. क्लबचे सेक्रेटरी तो प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणतात, कटिंगच्या टेबलावर टाकतात आणि म्हणतात, माणूस ठरला की कळवतो. मास्तर मान हलवतात. सेक्रेटरी गेले की पिशवी उलटी करतात, खिसे चाचपतात. खोकल्याच्या गोळ्या, दातकोरणी, चुरगळलेले रुमाल. एकदा तर अर्धं चावलेलं सफरचंद निघालं होतं, वाळून चामड्यासारखं झालेलं. ते सगळं कचऱ्यात टाकून मास्तर कोट झटकतात आणि पडद्यामागच्या पुतळ्यावर चढवतात. हरणाऱ्या माणसाचा घाम लोकरीत फार मुरतो. दार उघडं ठेवलं तरी कितीतरी दिवस दुकानात बसून ती हारच हुंगावी लागते.

हा कोट म्हणजे क्लबची एकुलती एक इस्टेट. बाकी स्टेडियम गळकं, कपाटातल्या ढाली गंजलेल्या. कोट मात्र जाड लोकरीचा, काळपट निळा, पोटरीपर्यंत येणारा. क्लबच्या पहिल्या मॅनेजरनं तो घालून पहिली मॅच जिंकली, म्हणून दुसऱ्यानं तोच घातला आणि मग ती रीतच पडली. नव्या मॅनेजरनं पहिल्या मॅचला हा कोट घालून मैदानाच्या कडेला उभं राहायचं. कोट बदलायचा नाही, माणूस बदलायचा. आणि माणसं बदलण्यात तरी आमचा क्लब कुणाला हार जाणारा नव्हता.

येणारा कधी ताडमाड, कधी पिंपासारखा. त्या प्रत्येकाच्या अंगावर तो एकच कोट बसवायचं काम मास्तरांचं. त्यांच्या आधी ते त्यांच्या उस्तादांचं होतं. मिसरूड फुटायच्या आत मास्तर उस्तादांकडे काजं करायला बसले ते उठलेच नाहीत. उस्ताद गेले तेव्हा दुकान, दोन मशिनी, एक लंगडा पुतळा आणि हा कोट मास्तरांच्या पदरात पडला. कोटाबरोबर एक नियमही आला, की या कापडाला कात्री लावायची नाही. बारीक माणूस आला तर जादाचं कापड आत दुमडून टाके घालायचे. जाडा आला की तेच उसवून सोडायचं. शिलाईच्या आत राखलेल्या या शिलकीला टेलर लोक माया म्हणतात. तेवढ्या शिलकीवर मास्तरांनी आजवर सगळे लठ्ठ-लुकडे निभावून नेले होते.

फुटबॉलचं वेड मास्तरांना नव्हतंच. दुकान स्टेडियमच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभं, त्यामुळे मॅच त्यांना फुकटात ऐकू यायची. आरडाओरडा कसा उठतो नि कसा बसतो यावरून ते मशीनवरची मान वर न करता सांगायचे, गोल झाला, का गेला, का खाल्ला. मॅनेजर लोकांना ते पाठीवरून ओळखायचे. कुणी विचारलं, मास्तर, तो अमका मॅनेजर म्हणून कसा होता हो, तर म्हणायचे, “डावा खांदा पडका होता. कापूस घालावा लागला.”

पण कोट दुकानात आला की दुकानाची चावडी होते, त्याला मास्तरांचा इलाज नव्हता. पहिला येतो रेडिओ. हा खरा इलेक्ट्रिशियन, पण बटण न दाबता वाजतो म्हणून रेडिओ. त्याच्या मागोमाग बसड्रायव्हर, ड्युटी संपवून, टोपी मांडीवर ठेवून. आणि स्टेडियमच्या फाटकाशी क्लबच्या रंगाचे स्कार्फ विकणारी बाई, तिला सगळे स्कार्फवाली म्हणतात. ती बिचारी धंद्यापायी येते. कुणाचं नाव छापून घ्यायचं हे तिला चार दिवस आधी कळलं तर बरं पडतं.

या खेपेला हाकलला गेला तो ढोल्या. ढोल्या चांगला माणूस होता, पण चांगुलपणाला गुण मिळत नाहीत, गोलला मिळतात. ढोल्या गेला त्याच दिवशी पुढच्याची चर्चा सुरू झाली. पाण्यात म्हैस आणि वर मोल, तसला प्रकार. बसड्रायव्हरला हवा होता दाढीवाला. तो म्हणे खेळाडूंना पहाटे पळवतो आणि भाकड बोलणाऱ्याला घरी बसवतो. रेडिओचा भर परदेशी टायवाल्यावर होता. स्टेशनजवळच्या हॉटेलात आपण वायरिंगला गेलो होतो तेव्हा तिथं एक टाय खुर्चीवर लटकलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, असं तो शपथेवर सांगायचा. कुणाचाही असेल, असं ड्रायव्हर म्हणाला तर रेडिओनं त्याला फुटबॉलमधलं काही कळत नाही असं ठरवून टाकलं.

स्कार्फवाली मात्र एकच नाव घ्यायची, बारक्या. बारक्या याच गल्ल्यांत वाढलेला. अंगानं काडी, पण क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये बुडत असताना शेवटच्या मॅचला त्यानं डोक्यानं गोल मारला आणि सगळ्यांना वर काढलं. बेकरीच्या भिंतीवर त्याचं चित्र अजून आहे. पावसानं नाक गेलंय, पण माणूस ओळखू येतो. पुढं तो लांब कुठं कुठं कोच झाला आणि सध्या घरीच बसला होता. बारक्याचं नाव निघालं की वाद थांबायचा. तो येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याला परवडणारा तो देवही नव्हे आणि दगडही नव्हे, असं ड्रायव्हर म्हणायचा, आणि त्याचा अर्थ काय हे त्याला कुणी विचारत नसे.

मास्तर हे सगळं ऐकत काजं करायचे. त्यांची काळजी वेगळीच होती.

मास्तरांचे जावई क्लबमध्ये असिस्टंट कोच. ढोल्यानंच त्यांना आणलं होतं. आणि फुटबॉलमध्ये असा कायदा, की नवा मॅनेजर येताना आपली माणसं आणतो आणि जुनी झाडून काढतो. जावयांना तो झाडू आधीही लागला होता. लग्न झाल्यापासून लेकीचा संसार या गावातून त्या गावात. खोकी उघडून होतायत तोवर पुन्हा बांधायची. नातीला तर शाळेत नाव सांगायचाच कंटाळा आला होता, ती बाईंना म्हणायची, लिहू नका, आम्ही जाणारच आहोत. ढोल्याच्या कृपेनं ही माणसं एकदाची इथं आली, दोन गल्ल्या सोडून खोली घेतली. नात शाळा सुटली की दुकानात येऊन कटिंग टेबलाखाली बटणांचा डबा पसरून बसायला लागली. लेक रोज संध्याकाळी येऊन आईशी भांडायला लागली. मास्तरांचं घर दुकानाच्या वरच. बायकोचे गुडघे गेलेले, जिना उतरणं सुटलेलं. त्या भांडणाशिवाय तिला जेवण जाईनासं झालं.

आता ढोल्या गेला. कमिटीनं नवा माणूस ठरेपर्यंत जावयांना तात्पुरतं मॅनेजर केलं. तात्पुरत्याला कोट मिळत नाही, तीही रीतच. जावई साधं जाकीट घालून कडेला उभे राहायचे. पण टीम जिंकायला लागली. फार थाटात नाही, चिखलातून बैल काढावा तशी, पण जिंकायला लागली. मास्तरांना गणित सोपं होतं. दुसरा कुणीही आला तर लेक गेली. जावईच कायम झाले तर लेक राहिली. मधला रस्ता नव्हता.

आणि एक दिवस सेक्रेटरी आपल्या पँटची चेन बदलून घ्यायला आले. पँट घेताना इकडंतिकडं बघून त्यांनी आवाज उतरवला.

“मास्तर, जावई बरं चालवतायत तुमचे. कमिटीचं मन तिकडंच झुकतंय. बाहेर बोलू नका अजून.”

मास्तर बाहेर बोलले नाहीत. घरातही बोलले नाहीत. त्यांनी केलं ते बोलण्याहून वाईट.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांनी दार आतून लावून घेतलं आणि कोट टेबलावर पसरला. जावयाचं माप घ्यायची त्यांना गरजच नव्हती. लग्नाचा सूट त्यांनीच शिवलेला, आणि त्या माणसाच्या अंगावर तेव्हापासून मूठभर मांस चढलं नव्हतं. ढोल्यासाठी सोडलेलं कापड त्यांनी दोन्ही बाजूंनी आत घेतलं, टाचण्या लावल्या, पुतळ्यावर चढवून पाहिलं. बसेना. ढोल्याच्या पोटाएवढं कापड दुमडून आत गेल्यावर काखेत उशी ठेवल्यासारखं दिसत होतं. एरवी मास्तरांनी वाफेच्या इस्त्रीनं ते दाबून बसवलं असतं आणि चार पावलांवरून कळत नाही म्हणून सोडून दिलं असतं. आजवर तसंच दिलं होतं. पण हा कोट त्यांना सुरकुती न पडता बसायला हवा होता. हा परत सोडायची पाळीच येऊ नये असं वाटलं असेल, किंवा वय झालं असेल. त्यांनी खडूनं रेघ मारली आणि कात्री लावली.

चहा घेऊन बायको जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आली होती. तिथून तिला टेबलावरच्या निळ्या पट्ट्या दिसल्या.

“कापलंत?”

“हं.”

“ऑर्डर आली?”

“येईल.”

ती कशीबशी वाकली. मग कप पायरीवर ठेवून म्हणाली, “मुलीच्या लग्नातसुद्धा इतकं गुडघ्याला बाशिंग बांधलं नव्हतं तुम्ही.” आणि भिंत धरत परत गेली.

कोट उतरला तो मात्र असा, की मास्तर स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले. खांदा खांद्यावर, काखेचा मुंढा जिथल्या तिथं, पाठीवर एक चूण नाही. त्यांनी पडदा ओढून घेतला.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडली ती इस्त्री. वायर जळाल्याचा वास आला आणि मास्तरांनी रेडिओला बोलावणं धाडलं. रेडिओनं वायर जोडली, प्लगची जागा बघायची म्हणून पडद्यामागे गेला आणि तिथंच थांबला. बराच वेळ आवाज नाही म्हटल्यावर मास्तरांच्या हातातली सुई थबकली. रेडिओ बाहेर आला तो पाय न वाजवता, घरात कुणी निजलेलं असावं तसा.

“मास्तर, आत घेतलाय.”

मास्तरांनी सुई पुन्हा चालू केली.

“माझ्याएवढा खांदा आहे हो त्याचा.” रेडिओ स्वतः काटकुळा. “म्हणजे आडव्या अंगाचा दाढीवाला गेला. टायवाला तर खांबासारखा लांब. मग राहिला कोण?”

आता हे नीट बघा. राहिलेला माणूस दोन गल्ल्यांपलीकडे राहत होता, दर मॅचला रेडिओच्या डोळ्यासमोर उभा होता आणि त्याचाच सासरा समोर बसला होता. पण पिकतं तिथं विकत नाही. शिवाय तात्पुरत्याला कोट नाही ही रीत लोकांच्या डोक्यात इतकी पक्की, की जावयाचं अंग त्यांना दिसायचंच नाही. दिसायचं फक्त जाकीट. काटकुळा म्हटल्यावर गावाला एकच माणूस आठवत होता, तो बेकरीच्या भिंतीवरचा.

“बारक्या,” रेडिओ म्हणाला आणि खुर्चीवर बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

मास्तरांनी काय म्हणायला हवं होतं? बारक्या नव्हे, माझा जावई, असं म्हणावं तर सेक्रेटरीला दिलेला शब्द मोडतो. कुणाचाच नव्हे, मीच आपला ऑर्डरीवाचून कापून बसलो, असं म्हणावं तर गाव हसतं, आणि मास्तरांना हसून थांबलं नसतं, जावयाला हसलं असतं. ते म्हणाले, “मला काही माहीत नाही. तू पण काही पाहिलं नाहीस.”

एवढं रेडिओला पुरेसं झालं. माहीत नसलेला माणूस असं बोलत नाही, असं तो त्या दिवशी गावभर सांगत फिरला.

कंडी पिकली ती अशी. स्टँडवर, बेकरीत, बसच्या मागच्या सीटवर, सगळीकडं कोट. कुणी म्हणे बाही मास्तरांनी मनगटापाशी अर्धं बोट आखूड केली, बारक्याचे हात तसेच आहेत. बाहीला मास्तरांनी हातही लावला नव्हता. कुणी म्हणे बारक्या स्वतः माप द्यायला आला होता, पहाटे, टोपी डोळ्यांवर ओढून. स्कार्फवालीनं होतं नव्हतं ते घालून बारक्याच्या नावाचे स्कार्फ छापून आणले आणि दोन दिवसांत संपवले. म्हातारी माणसं, ज्यांनी स्टेडियममध्ये पाऊल टाकायचं सोडून दिलं होतं, ती तिकिटाच्या खिडकीवर दिसायला लागली. मास्तरांच्या दुकानासमोरून जाताना लोक हळू चालायचे. एकानं तर आत डोकावून नमस्कार केला. मास्तरांना की पडद्याला ते कळलं नाही.

लेक आली ती त्या दिवशी आईशी भांडली नाही. जिन्यावरच बसली. बाबा, बारक्याच येतोय का, एवढंच तिनं विचारलं. मास्तर म्हणाले, लोकांचं काय ऐकतेस. मी खोकी शोधून ठेवते, ती म्हणाली. टेबलाखालून नातीनं बटणं डब्यात भरायला सुरुवात केली, मोठी खाली, लहान वर.

त्या आठवड्याच्या मॅचला मास्तर मशीनवर बसून होते. धुकं इतकं, की भिंतीपलीकडचे दिवेही दुधात बुडाल्यासारखे. पहिल्या अर्ध्यात गर्जना उठली, गोल. दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा उठली. जावई जिंकत होते. मास्तरांनी पाय थांबवला आणि वाट बघितली. गर्जना खाली आली आणि तिच्यातून गाणं वर आलं. बारक्याचं जुनं गाणं, तो खेळायचा तेव्हाचं. हजारो माणसं एका सुरात. गोल जावयाच्या माणसांनी मारले होते, गाणं न आलेल्या माणसाचं चाललं होतं, आणि जावई मधोमध, हात जाकिटाच्या खिशात घालून, ते ऐकत उभे असणार. मास्तरांनी पायडल पुन्हा चालू केलं. गिऱ्हाइकाच्या पडद्याची शिवण होती, लांबच लांब. ती संपेपर्यंत गाणं संपलं नाही.

दुसऱ्या दिवशी जावई दुकानात आले. बूट चिखलाचे म्हणून दाराशीच उभे राहिले. एरवी कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी तर चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा, सगळं पिळून निघालेलं.

“मामा, एक विचारू? कोट खरंच त्याच्या मापाचा आहे?”

मास्तर उठले. दार लोटलं, पडदा सारला, कोट काढला आणि त्यांच्यासमोर धरला. “जाकीट काढा, जावईबापू.”

जावयांनी हात घातले. मास्तरांनी मागून कॉलर सारखी केली, पाठीवरून तळवा फिरवला. आरशात जावई स्वतःकडे बघत राहिले. कोट बेमालूम बसला होता.

“कुणी सांगितलं होतं शिवायला?”

“सेक्रेटरी म्हणाले, कमिटीचं मन झुकतंय.”

“झुकतंय म्हणाले.”

“हो.”

जावयांनी एक एक बटण काढलं. रागावले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं. “मला पण तेच म्हणाले होते,” ते म्हणाले. “आज सकाळपासून कुणी फोन उचलत नाही.”

मास्तर म्हणाले, मी बाहेर जाऊन सांगतो, हा तुमच्यासाठी केला होता, चूक माझी. रेडिओला बोलावून सांगतो, तासाभरात गावभर होईल.

“काय सांगाल? सासऱ्यानं जावयाला न विचारता कोट शिवला? मग ते पुढच्या मॅचला दुसरं गाणं म्हणतील, मामा. हे तरी बरं आहे. याच्यात माझं नाव नाही.” त्यांनी कोट स्वतःच्या हातानं पुतळ्यावर चढवला, खांदे सारखे केले आणि जाकीट घालून गेले. चिखलाची दोन पावलं दाराशी राहिली. मास्तरांनी ती नंतर पुसली.

पुढचं सांगण्यात फार राम नाही. बारक्या घरी बसून कंटाळला होता. गावात आपलं गाणं सुरू आहे हे त्याच्या कानावर गेलं तेव्हा त्यानं स्वतःच क्लबला फोन केला. कमिटी म्हणजे सुटा कापूस, वारा वाहील तिकडं. स्टेडियम भरलेलं त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. सेक्रेटरी दुकानात आले, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत उभे राहिले.

“लोकांनीच ठरवलं मास्तर. आम्ही काय करणार? तुम्ही कोट...” ते थांबले. “म्हणजे तयारच आहे असं ऐकलं.”

“आहे,” मास्तर म्हणाले.

बारक्या फिटिंगला आला. बाहेर गल्ली माणसांनी गच्च. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या त्यानं उस्तादांची आठवण काढली, लहानपणी याच दुकानातून चिंध्या नेऊन आम्ही त्यांचा बॉल बांधायचो म्हणाला. कोट चढवला. बसला. खांदा खांद्यावर, मुंढा जिथल्या तिथं. मास्तर टाचण्या तोंडात धरून मागं उभे होते. एकही लावावी लागली नाही.

“माप न घेता एवढं कसं जमवलंत, मास्तर?” बारक्या आरशात हसत म्हणाला.

मास्तरांनी टाचण्या तोंडातून काढून डबीत ठेवल्या. “घरातलंच माप होतं,” ते म्हणाले. बारक्याला ते फार आवडलं. दाराबाहेर जाऊन त्यानं ते सगळ्यांना सांगितलं, आणि गल्लीत टाळ्या पडल्या.

बारक्याबरोबर त्याची दोन माणसं आली. जावयांना त्यांचे बूट आणि शिट्टी एका खोक्यात मिळाली. त्यांना काम लागलं ते डोंगरापलीकडच्या एका छोट्या क्लबात, बसनं दिवस मोडतो एवढं लांब. निघताना लेकीनं आईला चारदा सांगितलं, गुडघ्याला तेल लावत जा, आणि आईनं चारदा सांगितलं, मला शिकवू नकोस. तेवढंच भांडण झालं. नातीनं बटणांचा डबा टेबलाखाली आपल्या जागेवर नीट ठेवला.

बायकोनं मास्तरांना बोल लावला नाही. कापलेल्या निळ्या पट्ट्यांपैकी एक तिनं उचलून नेली आणि इस्त्रीचं हँडल तापतं म्हणून त्याला गुंडाळली. रोज इस्त्री हातात घेताना मास्तरांच्या मुठीत ती यायची.

बारक्यानं सुरुवातीला मॅचा जिंकल्या, मग बरोबरीत सोडवल्या, मग हरायला लागला. चिखल तोच, बैल तेच. भिंतीपलीकडचं गाणं आधी बारीक झालं, मग बंद पडलं, मग शिट्ट्या आल्या. हंगाम संपायच्या आत सेक्रेटरी प्लास्टिकची पिशवी घेऊन दुकानात हजर. या खेपेला खिशात काही नव्हतं, नुसती एक घडी घातलेली चिंधी. मास्तरांनी ती टाकून दिली.

दुकानात पुन्हा चावडी भरली. दाढीवाला अजून मोकळा होता. टायवाल्याचा टाय रेडिओला पुन्हा कुठंतरी दिसला होता. सगळ्यांचं म्हणणं एक होतं, की आता मजबूत अंगाचा, दणकट माणूस आणला पाहिजे. काटकुळ्यांनी वाट लावली. मास्तर, कोट सोडावा लागणार बरं का, रेडिओ म्हणाला.

“सोडायला काही नाही,” मास्तर म्हणाले. “आत कापड उरलं नाही.”

रेडिओ हसला. त्याला वाटलं, मास्तर गुपित राखतायत. ड्रायव्हरकडं बघून त्यानं डोळा मारला. म्हणजे बारीकच माणूस येणार, ऐकलंस ना?

मास्तरांनी सेक्रेटरीलाही तेच सांगितलं होतं. कोट यापुढं दुसऱ्याला होणार नाही. नवा शिवा, नाहीतर रीत सोडा, आणि शिवायचा तर दुसरीकडं शिवा. सेक्रेटरींना ते पटायला वेळ लागणार होता. मास्तरांनी वाट बघितली नाही. पुतळ्यावर कोट तसाच ठेवून त्यांनी एके सकाळी दुकानाला कुलूप लावलं, टेप खिशात घातली आणि बायकोला धरून जिना उतरवला. तिला प्रत्येक पायरीला शिवी आठवत होती, ती तिनं पायरीलाच दिली.

डोंगरापलीकडे जाणारी बस आमच्याच ड्रायव्हरची निघाली. त्यानं हात देऊन मास्तरांच्या बायकोला चढवलं, पुढची सीट मोकळी करून दिली. मग त्याची नजर मास्तरांच्या खिशातून लोंबणाऱ्या टेपवर गेली आणि चेहरा उजळला.

“मास्तर, माप घ्यायला?”

“हो. नातीचं. उंच झालीय म्हणते लेक. फ्रॉक शिवायचेत.”

“कळलं, कळलं,” ड्रायव्हर म्हणाला. “मी काही पाहिलं नाही.”

 बायकोच्या गुडघ्यावर चादर टाकून मास्तर खिडकीशी बसले. बस स्टँडवरून वळायच्या आधी ड्रायव्हरनं खाली उतरून रेडिओला फोन लावला होता. त्या संध्याकाळी गावात पक्कं झालं, की पुढचा मॅनेजर डोंगरापलीकडचा आहे आणि मास्तर त्याचं माप आणायला गेलेत. तिकडं कोण कोण आहे याची यादी निघाली. कुणीतरी मास्तरांच्या जावयाचं नाव घेतलं, तेव्हा सगळे हसले. नंतर, चहा संपत आल्यावर, स्कार्फवाली म्हणाली की तसा तो माणूस जिंकत होता मात्र. 

मास्तरांना याचं काही कळायचं कारण नव्हतं. बसमध्ये बायको त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. खांदा अवघडला होता, पण त्यांनी तो हलवला नाही.